सहीच्या आधी

घरी बसून पर्यटनाचा धंदा करायचा तर अमेरिकेत सहसा कोणाच्या तरी छत्राखाली शिरावं लागतं. क्रूझ कंपन्यांना, हॉटेलांना, तिकिटं देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांना आयाटा (विमान कंपन्यांची संघटना) किंवा क्लिया (क्रूझ कंपन्यांची) यांचा नंबर असलेली संस्था समोर हवी असते. हा नंबर होस्ट एजन्सी वापरायला देते. बुकिंग तिच्या नंबरावर करायचं, कमिशन तिच्याकडे जमा होतं, ती स्वतःचा वाटा कापून उरलेलं आपल्याला पाठवते. आपण तिचे नोकर नसतो, स्वतंत्र कंत्राटदार असतो. वर्षाअखेरी १०९९ चा फॉर्म येतो आणि स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर आपला आपण भरायचा. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर अशा तीन एजन्सींचे करार पडून आहेत. एकावर सही करायची आहे, आणि ते वाचता वाचता एजन्सींपेक्षा मीच मला जास्त दिसायला लागले आहे.

तिन्ही करारांत मी सगळ्यात आधी वाट्याचं पान शोधलं. एक छोटी एजन्सी कमिशनचे ९० टक्के देते आणि महिन्याची फी घेते. दुसरी, मोठी, ७० टक्के देते, फी नाही. पहिल्या नजरेला निवड सोपी वाटली. मग कळलं की उलाढाल मोठी असलेल्या होस्टला एखादी क्रूझ कंपनी १६ टक्के कमिशन देते, तर छोट्या होस्टला तीच कंपनी १० टक्क्यांवर ठेवते. १६ चे ७० टक्के ११.२ होतात, १० चे ९० टक्के ९. शिवाय कमिशन सगळ्या भाड्यावर मिळत नाही. कर, बंदराचे आकार आणि भाड्याचाच एक भाग त्यातून वगळलेला असतो, आणि रक्कम बहुतेक वेळा प्रवास झाल्यानंतर हाती येते. हे सगळं मी वहीत मांडलं, ७० टक्केवाली वर आली, आणि मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. त्या हिशेबात प्रवास करणारा माणूस कुठेच नव्हता, हे वही मिटल्यावर लक्षात आलं.

हा माणूस कोण असणार, तेही मला पक्कं ठाऊक आहे. प्रत्येक होस्टच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा सारखाच असतो: ओळखीच्या लोकांची यादी करा. माझ्या यादीत महाराष्ट्र मंडळातली कुटुंबं आहेत, मुलाच्या मराठी शाळेतले पालक आहेत, माझ्या बाळंतपणात रोज डबा पाठवणाऱ्या काकू आहेत. यातल्या बहुतेकांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. आईवडिलांचं मुंबई-नेवार्क तिकीट, व्हीलचेअर, पुढची सीट, जैन जेवण, आणि रात्री अडीचला फोन उचलणारं कोणीतरी. या कामात पैसा जवळजवळ उरलेला नाही. १९९५ साली डेल्टाने देशांतर्गत परतीच्या तिकिटावरच्या कमिशनला ५० डॉलरची कमाल मर्यादा घातली; २००२ मध्ये मूळ कमिशनच बंद केलं आणि इतर मोठ्या कंपन्यांनी तिचीच री ओढली. भारतातही २००८ मध्ये तेच झालं. म्हणजे ज्या कामाची माझ्या लोकांना खरी गरज आहे ते जवळपास फुकट, आणि ज्याची त्यांनी मागणीच केलेली नाही त्या क्रूझवर १६ टक्के. माझी जीभ कुठे वळेल, हे मला आजच दिसतं आहे.

यावर सरळ उपाय आहे. तिकिटाच्या कामाची उघड फी घ्यायची. पण काकूंकडून फी मागायची कल्पना आली की माझ्या पोटात गोळा येतो. ‘आपल्या माणसांकडून कसले पैसे घ्यायचे’ असं मी नवऱ्याला म्हणाले आणि मला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्याने साधा प्रश्न विचारला, “मग क्रूझचं कमिशन घेशील ना?” घेईन. कारण ते काकूंना दिसणार नाही. त्यांच्या भाड्यातूनच ते येणार, पण बिलावर त्याची ओळ नसणार, आणि मंडळाच्या गणपतीत आरतीला शेजारी उभं राहताना मला कसलाच संकोच वाटणार नाही. जिला मी आपुलकी म्हणत होते ती निव्वळ भीड आहे, आणि या भिडेचं मोल काकूच भरणार. होस्टच्या संगणकावर पसंतीच्या कंपन्यांपुढे खूण असते. तिथे कमिशन जास्त. काकूंना कमी चालावं लागेल, शाकाहारी जेवण नीट मिळेल असं जहाज खूण नसलेल्या कंपनीचं निघालं तर? ‘विचारलं तर खरं सांगेन’ हे माझं तयार उत्तर आहे. विचारणार कोणीच नाही, हे ठाऊक असल्याशिवाय ते इतकं पटकन सुचलं नसतं.

म्हणून आता मी वाट्याचं पान बाजूला ठेवून दुसरी पानं वाचते आहे: चूक झाली तर पाठीशी कोण, आणि पैसे कोणत्या वाटेने जातात.

अलास्काचं उदाहरण घेऊ, कारण आमच्याकडे आईवडील उन्हाळ्यात आले की पहिली टूम अलास्काचीच निघते. सिएटलहून निघणारी ही मोठी जहाजं परदेशी झेंड्याची असतात, आणि १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे अशा फेरीत त्यांना मध्ये कुठेतरी परदेशी बंदर घ्यावं लागतं. ते बहुधा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं, तेही संध्याकाळच्या काही तासांपुरतं. ग्रीनकार्डवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाने आलेल्या आईवडिलांना मात्र लागतो, एच-वन या कामाच्या व्हिसावरच्या मुलालाही लागतो. सगळे पैसे भरून झाल्यावर हे धक्क्यावर समजलं तर ती सुट्टी तिथेच संपते. अशा वेळी माझ्या पाठीशी कोण, हा प्रश्न मी तिघींनाही विचारला. एकीने व्हिडिओंचा संग्रह दाखवला. एकीने चुकांच्या विम्याची प्रत पाठवली आणि मी भारतीय पासपोर्टवाल्यांचे किती प्रवास करणार आहे, हे उलट विचारलं. ती ७० टक्केवाली नव्हती, छोटी ९० टक्केवाली होती. माझ्या वहीतला हिशेब तिथे पुन्हा उलटला.

पैशाच्या वाटेचंही तसंच. आमच्यात ‘झेल करू का?’, म्हणजे फोनवरून थेट खात्यात पैसे टाकू का, हा प्रश्न पत्ता विचारावा इतक्या सहज येतो. न्यू जर्सीत पर्यटनविक्रीसाठी वेगळी नोंदणी लागत नाही. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, वॉशिंग्टन, हवाई इथे कायदे आहेत, आणि माझी मावसबहीण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहते. तिला काही विकायचं तर होस्टची तिथली नोंदणी हवी, आणि तिचे पैसे माझ्या खात्यात न येता थेट होस्टकडे किंवा प्रवास पुरवणाऱ्या कंपनीकडे जायला हवेत. मला वाटतं हा नियम एडिसनमधल्या शेजारणीलाही लागू करावा. कोणाच्या सहलीचे चार हजार डॉलर आपल्या खात्यात पडलेले असताना महिनाअखेर कशी दिसते, हे आजमावून बघायची मला हौस नाही.

तिसऱ्या कराराबद्दल थोडंसंच. त्यात सहल विकण्यापेक्षा नवे एजंट आणण्याचा बोनस ठळक अक्षरांत आहे. हे जुनं दुखणं आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल जेरी ब्राऊन यांनी वायटीबी नावाच्या पर्यटन कंपनीवर पिरॅमिड योजना चालवल्याचा दावा लावला होता. सभासद सुमारे ४५० डॉलर आधी आणि महिन्याला ५० डॉलर भरत. दाव्यात म्हटलं होतं की २००७ मध्ये जेमतेम ३८ टक्के सभासदांना प्रवासाचं काहीतरी कमिशन मिळालं, आणि मिळालेल्यांची मध्यक कमाई ३९ डॉलर होती. पुढच्या वर्षी कंपनीने दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. तरी मी तो तिसरा करार लगेच केराच्या टोपलीत टाकला नाही, यावर मला थांबायला हवं. एच-फोरवरच्या, म्हणजे एच-वनवाल्यांच्या जोडीदार म्हणून आलेल्या बायकांपैकी काहींना कामाचा परवाना मिळू लागला तो २०१५ पासून. स्वतःच्या नावाचा पहिला डॉलर कमावण्याची भूक काय असते, ते मला आतून माहीत आहे. माझ्या यादीत अशा कितीतरी जणी आहेत, आणि त्यांना क्रूझ विकण्यापेक्षा ही ‘संधी’ विकणं मला कितीतरी सोपं जाईल, कारण त्यांना कुठे ठणकतं ते मला ठाऊक आहे. तो करार आता टेबलावरून उचलते.

उरल्या दोन. त्यांना मी दोन प्रश्न लिहून पाठवले: ग्राहकाकडून उघड फी घेता येईल का, आणि मी सोडून गेले तर लोकांची नावं, जन्मतारखा, पासपोर्टचे तपशील कोणाकडे राहतील? छोटीचं उत्तर आलं आहे. फी घेता येईल, मात्र त्यांच्यामार्फत, आणि तिच्यातूनही १० टक्के कापले जातील. तपशिलांबद्दल ‘करारातील कलम पाहावे’ एवढंच. ते कलम मी पाहिलं आहे. ते होस्टच्या बाजूचं आहे. बदलून द्या, असं परत लिहिलं आहे.

दरम्यान मराठी शाळेतल्या एका वडिलांनी फोन केला. आईबाबा जूनमध्ये येताहेत, अलास्का बघून ठेव म्हणाले. मी म्हटलं, “अजून माझी सही व्हायची आहे, पण तुम्ही आधी त्यांच्या कॅनडाच्या व्हिसाचं बघायला घ्या. आणि क्रूझवर मला कमिशन मिळेल, तिकिटांचं मिळणार नाही, त्याची फी दोघांची मिळून दीडशे डॉलर लागेल.” पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, “बायकोशी बोलून सांगतो.”