नदीकाठची प्रदक्षिणा

कॅलिफोर्नियाच्या हंबोल्ट परगण्यात, ईल नदीच्या आसमंतात, सहस्रावधी वर्षे जगणाऱ्या रेडवुड वृक्षांच्या छायेतून १९७२ पासून जी ‘ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स’ मॅरेथॉन धावली जाते, तिचा धावक डायरव्हिलच्या पुलापाशी निघतो आणि ४२.१९५ किलोमीटरांचे कष्ट सोसून पुन्हा त्याच पुलापाशी परततो. मग त्याने मिळविले काय? फलाकांक्षेच्या जमाखर्चात बाकी शून्यच निघेल. परंतु देवाला प्रदक्षिणा घालणाराही आरंभस्थानीच येतो, आणि त्याचे चालणे कोणी व्यर्थ मानीत नाही. माझी तर अशी श्रद्धा आहे की, जेथे प्रेक्षकांचा कोलाहल नाही, केवळ आपला श्वास आणि अरण्याची निःशब्दता आहे, तेथे कर्तेपणाचा अभिमान आपोआप गळू लागतो. अखेरच्या कोसांत पाय दुखतात खरे, परंतु ते कोणाचे, याचा विसर पडतो.