दारू सुटते, रस उरतो (गीता २.५९)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला ५९वा. स्थितप्रज्ञाबद्दल बोलता बोलता भगवंत एक बारीक गोष्ट सांगतात. ज्यानं विषय घेणं बंद केलं, त्याच्यापासून विषय लांब जातात, पण त्यांची गोडी मागं राहते. ती गोडी, तो रस, परमतत्त्व दिसल्यावरच जातो.

माउली इथं झाडाचा दृष्टांत देतात. वरची पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं, मग झाड मरेल कसं? तासगावच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळ छाटणी. वेल उघडाबोडका करायचा, तो जोमानं फुटावा म्हणूनच.

हा श्लोक आला की मला दारू सोडलेला माणूस दिसतो. तीन महिने थेंब नाही, घरचे निर्धास्त, आणि एका संध्याकाळी गडी झुलत दारात. मग ठरलेली वाक्यं. मनच खंबीर नाही. देवाची शपथसुद्धा पाळली नाही.

आता मेंदूचं बघू. दारूनं डोपामीन वाढतं, ही झाली पहिली पायरी. पुढं मेंदू खुणा शिकतो. संध्याकाळचे सात, स्टँडमागचा बोळ, जुना दोस्त, ग्लासचा आवाज. व्यसन लागलेल्या माणसाला नुसती बाटलीची चित्रं दाखवून मेंदूचा एमआरआय काढला, तरी बक्षिसाची ओढ लावणारा भाग जागा झालेला दिसतो. पोटात थेंब नसताना! आणि ‘थांब’ म्हणणारा कपाळामागचा भाग वर्षानुवर्षांच्या दारूनं आधीच दुबळा झालेला असतो. तलफ म्हणतात ती हीच. (गीतेत न्यूरोसायन्स होतं असं मी म्हणत नाहीये, तसले फॉरवर्ड भरपूर आहेत. पण माणसाचं निरीक्षण मात्र अचूक आहे.)

मग शपथेचं काय? आपल्याकडं गणपतीच्या पायावर हात ठेवून किंवा माळ घालून दारू सोडणारे असतात. मला त्या शपथेबद्दल आदरच आहे. श्लोकाचा पहिला अर्धा भाग ती करते. फक्त एक धोका घरच्यांना माहीत हवा. दारू मेंदूचा ब्रेक दाबून धरते, म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळायला ॲक्सिलरेटरवरचा पाय वाढवतो. दारू एकदम बंद झाली की ब्रेक सुटतो, पाय मात्र तसाच. हात थरथरतात, झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भास आणि भ्रम सुरू होऊ शकतो. यात जीव जातो. त्याला बाहेरचं झालंय म्हणून अंगारा लावत बसू नका, खोलीत कोंडू नका. आधी दवाखाना. शपथ डॉक्टरांच्या देखरेखीतही पाळता येते.

दुसरा अर्धा भाग लांबचा. आपल्या अंजनीच्या आर. आर. आबांनी ज्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान चालवलं, त्या गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायीच गेले. बाबा कीर्तनात दारूवर पुन्हा पुन्हा का येत, ते यावरून कळतं. आणि सांगायचे कुठं, तर चारचौघांत, नामाच्या गजरात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्येही माणसं गोल बसतात, आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकतात आणि फक्त आजचा दिवस न पिण्याचं ठरवतात. पुण्यात १९८६ला अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण उभं केलं, तिथंही घरच्यांना उपचारात धरतात. मला यात सत्संगच दिसतो. रिकाम्या जागी दुसरा रस भरायचा.

मेंदूही साथ देतो. दारूपासून लांब राहिलं की काही महिन्यांत तो बराच सावरतो, सगळा नसला तरी. तोवर खुणा सांभाळायच्या. तुमच्या घरात कुणी सोडली असेल, तर संध्याकाळी सातला फोन करा. गावी असाल तर भजनाला घेऊन जा, नाहीतर नुसतं चालायला. परत घसरला तर ओरडण्याआधी डॉक्टरांची पुढची तारीख घ्या.

उद्या श्लोक ६०. मनापासून प्रयत्न करणाऱ्या शहाण्यालाही इंद्रियं कशी ओढून नेतात, ते पाहू.

राम कृष्ण हरी.