पालखीचा घोडा आणि महाद्वार

वारीच्या वाटेवर संध्याकाळी ज्ञानेश्वर माउलींची पालखी तळावर येते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर टिपेला पोचतो आणि चोपदार चोप उंचावून ‘होऽऽ’ असा पुकारा करतात. सारा तळ चिडीचूप. एखाद्या दिंडीचे टाळ तरीही वाजत राहिले, तर तिची काही तक्रार आहे असे समजायचे. चोपदार तिथे जाऊन म्हणणे ऐकून घेतात, निवाडा करतात आणि मगच समाजआरती होते.

पाहणाऱ्याला वाटते, हे ज्ञानदेवांच्या काळापासून असेच चालत आले असणार. तसे नाही. वारी फार जुनी. पण तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला तो त्यांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी, 1685 मध्ये. आळंदीच्या सोहळ्याला आजचे रूप दिले हैबतबाबा आरफळकरांनी, तेही एकोणिसाव्या शतकात. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरचे सरदार. म्हणून तर या सोहळ्यात अश्व आहेत, जरीपटका आहे, चोपदार आहेत आणि रथापुढची दिंडी कोणती, मागची कोणती याचा पक्का क्रम आहे. अश्व आजही अंकलीच्या शितोळे सरकारांचे येतात. फौजेची शिस्त भक्तांनी उचलली, पचवली आणि तिलाच परंपरा म्हणू लागले. 2020 मध्ये करोनामुळे पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. चालणे हाच ज्या वारीचा प्राण, तिने तेही चालवून घेतले.

म्हणजे धर्माला बदलाचे वावडे नाही. घोडा आला, बस आली, दोन्ही पचले. अडले ते दाराशी. चोखोबांची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर आहे. वारकरी आधी तिथे माथा टेकतो आणि मग आत जातो. पण चोखोबांच्या, अस्पृश्य ठरवलेल्या जातीच्या माणसाला त्या दारातून आत जायला सहाशे वर्षे लागली. त्यासाठी 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात 10 दिवस उपोषण करावे लागले. विरोध करणारे शास्त्राचे दाखले देत होते. माझ्या मते प्रश्न शास्त्राचा नव्हताच, हक्काचा होता. अश्व आल्याने कोणाचा मान गेला नव्हता; दार उघडले की जाणार होता.

दार उघडल्यावरही गाभाऱ्यातली पूजा बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांकडेच राहिली. त्यांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा कायदा 1973 चा. तो वर्षानुवर्षे कोर्टात लढला गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2014 च्या जानेवारीत लागला आणि त्याच वर्षी मंदिर समितीने अर्ज मागवून वेगवेगळ्या जातींतून पुजारी नेमले. त्यांत स्त्रियाही होत्या.