खमस सबैन मया व अलफ

मोडी शिकणाऱ्या प्रत्येकाला एक दिवस हा धक्का बसतो. अक्षर लागू लागलेले असते, 'विनंती उपरी' नजरेने ओळखता येते, आणि मग पत्राच्या शेवटी तारीख समोर येते : छ १२ रजब, सुहूर सन खमस सबैन मया व अलफ. मी इथे अडखळलो तेव्हा शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर बेरीज मांडली. खमस म्हणजे पाच, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४ साल येते, म्हणजे ऐन पेशवाई. आकडे अरबी, महिना हिजरी, पण साल पालटते ते सूर्य मृग नक्षत्रात शिरल्यावर. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पेरणी आणि वसुली यांचा मेळ त्याने बसे. पत्र लिहिणारा ब्राह्मण कारकून, घेणारा मराठा सरदार. दोघांपैकी मुसलमान एकही नाही.

मग हा कागद इस्लामच्या अभ्यासात बसतो की नाही?

पदव्युत्तर पातळीवर इस्लाम आणि मुस्लिम समाज हा विषय घेणाऱ्याची खरी सुरुवात अशा प्रश्नापासून होते. शिकागो विद्यापीठातले मार्शल हॉजसन यांनी त्यासाठी एक शब्दच घडवला. 'द व्हेंचर ऑफ इस्लाम' हा त्यांचा तीन खंडांचा ग्रंथ १९७४ साली आला. तो पाहायला ते नव्हते, १९६८मध्येच, अवघ्या ४६व्या वर्षी गेले. जे धर्माचे ते 'इस्लामिक', आणि मुसलमानांच्या राजवटीत वाढलेली, पण इतर धर्मीयांनीही आपली मानलेली संस्कृती ती 'इस्लामिकेट', अशी त्यांची विभागणी. शब्द जिभेला जड आहे, पण आपल्या दप्तरांतला अर्ज, दावा, फिर्याद, वसूल, तारीख हे सगळे त्यात नेमके मावते. या विभागणीवर शहाब अहमद यांनी २०१६च्या 'व्हॉट इज इस्लाम?' या ग्रंथात कडाडून हल्ला केला. धर्म असा वेगळा काढला की त्यात फक्त विधिनिषेध उरतात, आणि हाफिजची गझल, सूफींचे चिंतन, तत्त्वज्ञान हे सगळे उंबऱ्याबाहेर पडते, असा त्यांचा आक्षेप. मला तो पटतो. तरीही मोडी कागद समोर असताना मला हॉजसनच उपयोगी पडतात. एम.ए.च्या वर्गात असे दोन्ही पटणे चालते, किंबहुना तिथे तेच शिकायचे असते.

विजापूरचे उदाहरण घ्या. रिचर्ड ईटन या अमेरिकन अभ्यासकाने तिथल्या सूफींवर संशोधन केले, ते १९७८ साली पुस्तकरूपाने आले. फारसी ग्रंथांबरोबर त्याने दखनी बोलीतली 'चक्कीनामा' ही गाणी वाचली. दळताना म्हणायची गाणी. त्यांत जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचे पहिले अक्षर. दख्खनच्या गावांत इस्लाम पोचला तो मोठमोठ्या ग्रंथांतून नव्हे, तर दळणाऱ्या, सूत काढणाऱ्या बायकांच्या तोंडून, असे ईटन यांनी मांडले. जात्यावरच्या ओव्या ज्याच्या कानावरून गेल्या आहेत, त्या मराठी माणसाला हे सांगायला अमेरिकेची गरज पडू नये. पण सांगितले ते बाहेरच्या अभ्यासकाने, कारण दखनी आणि फारसी वाचण्याची तयारी त्याने केली होती.

दुसरी तयारी माणसांची. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ हे लाहोरच्या कॉलेजात शिकवून कॅनडाला परतले आणि १९५२ साली त्यांनी मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात इस्लामच्या अभ्यासाची संस्था काढली. शिक्षक आणि विद्यार्थी दोन्हींत साधारण निम्मे मुसलमान असावेत, हा त्यांचा आग्रह होता. एखाद्या धर्माविषयी आपण जे बोलतो, त्यात त्या धर्माच्या माणसाला स्वतःची ओळख पटली पाहिजे, अशी त्यांची कसोटी. ही गुळमुळीत सहिष्णुता नव्हे. समोर बसलेला माणूस 'हे असे नाही' म्हणाला, की पुन्हा मूळ ग्रंथाकडे जावे लागते. त्या टेबलाभोवती इंडोनेशियाचे मुक्ती अली बसले, ते पुढे देशाचे धर्मखात्याचे मंत्री झाले. हारुन नासुतिओन यांनी तिथेच १९६८ साली डॉक्टरेट मिळवली आणि जाकार्ताच्या इस्लामी उच्चशिक्षण संस्थेचा अभ्यासक्रमच बदलला. तिथे शिकवून गेलेले फजलुर रहमान मात्र पाकिस्तानात एका पुस्तकावरून उठलेल्या वादळामुळे १९६८मध्ये पद सोडून गेले. या विद्येची किंमत अशीही मोजावी लागते.

आपल्याकडे ही भाषेची तयारी कुणाला जमली नाही असे नाही. १८९९ साली माथेरानला जन्मलेले असफ अली असगर फैजी मुंबईच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी दहाव्या शतकातला 'दआइम अल्-इस्लाम' हा फातिमी कायद्याचा ग्रंथ संपादून कैरोत छापून घेतला. बोहरा कुटुंबांत जपून, झाकून ठेवली जाणारी इस्माइली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली. १९६५ साली त्यांची सूचीही निघाली. कवी माधव जूलियन यांचा फारसी-मराठी कोश त्याआधी चाळीस वर्षे, १९२५ साली आला. इतिहाससंशोधक ग. ह. खरे पुण्यात बसून फारसी कागद छापत होते. या तिघांना जोडणारी गोष्ट एकच, आधी भाषा.

आज मुसलमानांविषयी मराठीत जितके बोलले जाते, तितके क्वचितच कधी बोलले गेले असेल. त्यातले बहुतेक बोलणे मुसलमानाच्या गैरहजेरीत होते, आणि मूळ कागद उघडून केलेले तर फारच थोडे. हे मला मनापासून टोचते. निम्मी लिपी आणि निम्मी माणसे वगळून कोणत्याही समाजाचा अभ्यास होत नाही. एम.ए.ची दोन वर्षे त्याला पुरतही नाहीत. पहिले वर्ष तर नुसते अक्षर बसवण्यात जाते, आणि ते तसेच जायला हवे.

तुमच्या घरी इतिहासात बी.ए. झालेला मुलगा किंवा मुलगी असेल आणि पुढे काय करू म्हणून विचारत असेल, तर स्पर्धा परीक्षेच्या वर्गाची फी भरण्याआधी एकदा गावातल्या मदरशातल्या मौलवीसाहेबांना किंवा उर्दू शाळेतल्या निवृत्त मास्तरांना जाऊन भेटा. अलिफ-बे शिकवाल का, एवढेच विचारा.