मुनियेसाठी मागणं

देवा, आज तुझ्याकडे मागायला आलो आहे. माझं काही नाही. मुठीत मावेल एवढ्या लाल मुनियेसाठी आलो आहे.

पाऊस झाला की आमच्या शहरातल्या सलीम अली सरोवराच्या कडेचं गवत माजतं, त्याला तुरे येतात, आणि विणीच्या त्या दिवसांत तू नराला रंग देतोस. गुंजेसारखा लालभडक, अंगावर पांढरे ठिपके, चोचही लाल. जेमतेम दहा ग्रॅमचा जीव. तुऱ्यावर बसून दाणे टिपतो तेव्हा तुरा थोडा झुकतो, एवढंच. वीण सरली की तो रंग तूच उतरवून घेतोस आणि त्याला मादीसारखा भुरा करतोस. त्याचं गाणं फार बारीक, शेजारच्या दिल्ली गेटच्या गाड्यांच्या आवाजात मला धड ऐकूही येत नाही. तुला येतं. त्यासाठी तुझे उपकार, देवा.

पण देवा, जाळं टाकून या मुनियेला धरतात. तू दिलेला रंग पुरला नाही म्हणून तिला हिरवा, गुलाबी रंग फासतात आणि विकतात. मग पिंजऱ्यात एका दांडीवर साऱ्याजणी अंगाला अंग लावून बसतात. 1972चा वन्यजीव कायदा आहे, 1990-91पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. तरी पिंजरे रिकामे झालेले नाहीत.

तिला सांभाळ, देवा. गवत सांभाळ. तिचं गोल घरटं त्या गवताचंच असतं, त्याला कुणी काडी लावू नये, तिथे भराव पडू नये.

जाळं टाकणाऱ्यालाही सांभाळ. त्याच्या चुलीसाठी दुसरं काम दे.

आणि आमच्या गल्लीतल्या त्या आजी. घर रिकामं झाल्यावर त्यांनी मुनिया आणल्या. रोज सकाळी राळे घालतात, पाणी बदलतात, त्यांच्याशी बोलतात. त्यांची माया खरी आहे, हे मी पाहतो. त्यांना काय सांगावं, मला सुचत नाही. मी लहान माणूस, देवा. शब्द तूच दे. आणि आजींशी बोलायला कुणी रोज येईल, असंही कर. मला वेळ काढायला लाव.

पैठणच्या नाथांनी रामेश्वराला न्यायचं गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजलं, आणि ते तुला पोचलं. आम्ही त्याच मुलखातले. त्यातली थोडी करुणा आमच्या हाताला दे.

ज्यांच्या घरी पिंजरा आहे त्यांना एवढी बुद्धी दे, की दार उघडून तिला तशीच सोडू नये. पंखांतलं बळ गेलेली मुनिया मांजराच्या तोंडी जाते. तिला वन विभागाच्या माणसांकडे नेऊन द्यावं. आणि नवी मुनिया कुणी विकत घेऊ नये, देवा. एकानेही घेऊ नये.