उशीर कोणाचा?



रोवणीचे दिवस आले की आपल्या कुरखेडा परिसरात सापाची भीती वाढते. दिवसभर बांधीत राबलेली माणसे रात्री जमिनीवरच अंथरूण टाकतात. मण्यार जातीचा साप रात्रीच फिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटू लागतात आणि पुढे श्वास बंद पडतो.

आम्ही काही जण रुग्णसेवेत आहोत. काही वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे दहा-अकरा वर्षांचा मुलगा आमच्यापुढे आणला गेला. सर्पदंशाचे इंजेक्शन दिले, फुगा दाबून श्वास देत राहिलो. हे औषध रक्तात फिरणाऱ्या विषाला थोपवते. मज्जातंतूंना भिडलेले विष ते सोडवू शकत नाही. अशा वेळी यंत्राने श्वास देत वाट पाहावी लागते. ते यंत्र दूरच्या मोठ्या दवाखान्यात होते. तिकडे नेणारी गाडी दोन तासांनी आली. तोवर मुलगा गेला होता.

तेव्हा आमच्यापैकी एकाने बापावर आवाज चढवला, "पुजाऱ्याकडे वेळ काहून घालवला? आधीच काहून नाही आणलं?" बाकीचे आम्ही गप्प राहिलो, कारण आमच्याही मनात तेच होते. बाप खाली मान घालून उभा राहिला.

चार दिवसांनी त्या गावच्या आशाताईंकडून कळले की रात्री नाल्याला पूर होता. पुजारी नाल्याच्या अलीकडे होता, दवाखाना पलीकडे. पाणी कमरेवर असतानाच तो बाप लेकराला खांद्यावर घेऊन नाल्यात उतरला होता.

मग आमचा राग कशाचा होता? खरे सांगायचे तर तो हरल्याचा राग होता आणि समोर जो सर्वांत दुबळा होता त्याच्यावर तो निघाला. दोन तास उशिरा आलेल्या गाडीबद्दल आम्ही त्या पहाटे कोणालाही जाब विचारला नाही.

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९४ साली तीन विलंब सांगितले: दवाखान्यात जायचे ठरवण्यातला, वाटेतला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. सर्पदंशालाही ते लागू पडतात. आम्ही पहिल्यावर बोट ठेवतो. तिसरा तर आमचाच असतो!

याचा अर्थ प्रश्न विचारूच नये, असा नाही. महाडजवळच्या बिरवाडीला १९७६ साली गेलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यासमोर विंचूदंशाने माणसे मरत होती. त्यांनी नातेवाइकांना दोष देत न बसता रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. पुढे त्यांनी वापरलेल्या प्राझोसिन या गोळीने असंख्य जीव वाचले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. "हा का मेला?" हा प्रश्न त्यांनीही विचारला, पण तो स्वतःला विचारला. प्रश्न तोच असतो. तो कोणाला विचारला यावर त्याचे फळ ठरते.

संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बेथानीला पोहोचतो तेव्हा लाजरसला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. प्रभू इथे असता तर भाऊ मेला नसता, असे मार्था तोंडावर बोलून दाखवते. मरियाही तेच बोलते. दवाखान्यात आम्ही रोज ऐकतो ती हीच तक्रार. प्रभू तिच्यावर रागावत नाही, आपली बाजूही मांडत बसत नाही. तो ऐकून घेतो आणि कबरेकडे जाताना रडतो. लाजरसला उठवण्याचे सामर्थ्य आमच्यात नाही. पण ऐकून घेणे आणि रडणाऱ्यासोबत रडणे आम्हाला जमण्यासारखे होते. त्या पहाटे आम्ही तेवढेही केले नाही.

बंधू-भगिनींनो, पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा. संशय जरी आला तरी थेट दवाखाना गाठा. पुराने वाट अडली तर शेजाऱ्यांना हाक मारा आणि शेजाऱ्यांनो, त्या हाकेला धावून जा. त्या रात्री बाप नाल्यात एकटाच उतरला होता.

हे प्रभो, आमच्या हातून जे निसटले ते तुझ्या हाती सोपवतो. दुःखी माणसापुढे आमची जीभ आवर आणि ज्याला आम्ही दुखावले त्याच्या दारी जाऊन क्षमा मागण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.