मोजलेलीं पावलें

एखाद्याच्या हातून घडलेलें कृत्य कोणी पाहिलें नाहीं, कोणी टिपून ठेविलें नाहीं, तर त्याचें मोल कमी होतें काय? हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याचें उत्तर आपण सर्वजण तोंडानें ‘नाहीं’ असेंच देतों. परंतु तोंडचें उत्तर आणि मनांतील उत्तर एक असतेंच असें नाहीं. मनांतील उत्तर बाहेर काढण्याचें एक स्वस्त साधन अलीकडे उपलब्ध झालें आहे. मनगटावर बांधावयाचा फिटनेस बँड बिघडला म्हणजे, तो सुधारण्यासाठीं त्यांतील सर्व नोंदी पुसाव्या लागतील असें त्याच्या धन्यास सांगावें, आणि त्याच्या मुद्रेकडे पाहावें.

हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळें ज्याच्या नांवास ‘पीर’ हें पद लागलें, तें वाशीम जिल्ह्यांतील मंगरूळ कांहीं मोठें शहर नव्हे. तरी पहाटे फिरावयास निघणाऱ्या तेथील शिक्षक, व्यापारी, पेन्शनर मंडळींच्या मनगटांवर हे बँड आतां दिसूं लागले आहेत. अर्थात् ते बिघडूंही लागले आहेत. कधीं बँड फोनला ओळखेनासा होतो, कधीं नाडीचा आंकडा उमटत नाहीं, कधीं पडदा बोटाला दाद देत नाहीं, तर कधीं पावलांची संख्या सकाळपासून एकाच जागीं ठाण मांडून बसते. मोबाईलच्या दुकानांत नेलें कीं उपाय ठरलेला: ‘रीसेट मारून घ्या.’

या एका शब्दाखालीं दोन अगदीं भिन्न क्रिया दडलेल्या आहेत. पहिली केवळ रीस्टार्टची. म्हणजे यंत्र बंद करून पुन्हां सुरू करणें. हिनें यंत्राच्या चालू कामांतील गोंधळ झटकला जातो आणि साठविलेल्या नोंदी सामान्यतः शाबूत राहतात. नेहमींच्या बिघाडांपैकीं बरेचसे इतक्यानेंच निवळतात. किंबहुना पुष्कळदां तेवढेंही करावें लागत नाहीं. बँडच्या पाठीवरील धातूचे ठिपके घामानें मळलेले असतात, ते कोरड्या फडक्यानें पुसून बँड नीट चार्ज केला कीं काम भागतें. नाडी दिसत नसेल तर पट्टा सैल आहे काय हें आधीं पाहावें; कारण बँड कातडीवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताच्या भरती-ओहोटीप्रमाणें बदलणाऱ्या परतीच्या प्रकाशावरून नाडी ओळखतो, आणि फट राहिली तर त्यास कांहींच ओळखतां येत नाहीं. दुसरी क्रिया फॅक्टरी रीसेटची. हिनें यंत्र कारखान्यांतून निघालें त्या दिवसासारखें कोरें होतें. फोनमध्यें पोंचलेल्या नोंदी त्यांच्या खात्यांत राहतात; जें पोंचलें नाहीं तें गेलें. म्हणून पुसण्यापूर्वीं सिंक करून घ्या असा उपदेश सर्वत्र दिलेला असतो. पण बिघाड सिंकचाच असेल तर तो उपदेश कोणत्या कामाचा? ज्या नोंदी वांचवितां येत नाहींत त्यांच्यावरच नेमका घाला पडावयाचा.

अशाच एका प्रसंगीं दुकानाच्या फळीशीं उभ्या असलेल्या एका वयस्क गृहस्थांनीं काकुळतीनें म्हटलें, “मंग माहे बारा दिवसाचे पावलं गेले ना भाऊ!” त्यावर तो पोरसवदा दुकानदार उत्तरला, “पावलं कुठी जातेत काकाजी? चालले ते चालले तुमी.”

दुकानदाराचें म्हणणें खरें आहे हें कोणीही कबूल करील. बारा दिवसांच्या चालण्यानें पायांच्या स्नायूंस, हृदयास, रक्तांतील साखरेस जो गुण यावयाचा तो येऊन चुकला. त्यांतला कणभरही रीसेटनें परत घेतला जात नाहीं. आपल्याकडे दिवाळींत लक्ष्मीपूजनास नवी वही घालतात. वही कोरी असते, परंतु तिच्यांत मागील बाकी ओढलेली असते. वही बदलली म्हणून कोणाचें देणें-घेणें बुडत नाहीं. शरीराची वही याच जातीची आहे. बँड शून्य दाखवील, शरीर मागील बाकी घेऊनच दुसऱ्या दिवशीं उठतें. आणि हा न्याय दोन्हीं बाजूंनीं लागू आहे, हें मात्र कोरी पाटी मागणाऱ्या आळशांनीं विसरूं नये. महिनाभर लोळून काढल्यावर लाजिरवाणा आलेख पुसून ‘उद्यांपासून नवा आरंभ’ म्हणणारेही असतात. त्यांचीही बाकी पुढें ओढलेलीच असते.

इतकें असूनही त्या काकाजींची हळहळ मला मूर्खपणाची वाटत नाहीं. डॉक्टरांनीं चालण्यास सांगितलें होतें, ‘चाललों’ या शब्दावर डॉक्टर विश्वास ठेवीत नाहींत, घरचींही ठेवीत नाहींत, आंकड्यावर ठेवितात. ज्याच्या शब्दाची किंमत वयाबरोबर उतरत चालली आहे त्याला आंकडा हा साक्षीदार वाटतो. त्यांचें दुःख चाल बुडाल्याचें नसून साक्षीदार गेल्याचें होतें. तेव्हां दोष असलाच तर मोजणाऱ्याचा नव्हे, माणसाचा शब्द न मानणाऱ्या भोंवतालच्या लोकांचा आहे.

बरें, हा साक्षीदार तरी किती सत्यवादी? बँडला पाय दिसत नाहींत. तो मनगटाचे हिसके मोजतो आणि त्यांवरून पावलांचा अंदाज बांधतो. डोक्यावरील गुंड हातानें सांवरून नळावरून येणाऱ्या बाईचा हात स्थिर असतो, म्हणून तिचीं पावलें त्याच्या हिशेबांतून निसटूं शकतात. आणि भजनांत एका जागीं बसून टाळ कुटणाऱ्याच्या नांवावर तीं जमा होऊं शकतात. ज्या १०,००० पावलांसाठीं मंडळी रात्रीं जेवणानंतर अंगणांत येरझारा घालून राहिलेलीं तीनशें पुरीं करतात, त्या संख्येची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. टोकियो येथें १९६४ सालीं ऑलिंपिक सामने झाले. त्यानंतर चालण्याचें वेड वाढत असतां १९६५ मध्यें एका जपानी कंपनीनें कमरेस लावावयाचा पाऊलमापक विक्रीस काढला. त्याचें नांव ‘मांपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचें मापक. संख्या वाटोळी, उच्चारास सोपी, जाहिरातीस सोयीची. ती प्रयोगशाळेंत सिद्ध होऊन आलेली नव्हती. २०१९ मध्यें आय-मिन ली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील १६,७४१ वृद्ध स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांचें सरासरी वय ७२ होतें. दिवसाला सुमारें २,७०० पावलें चालणाऱ्यांपेक्षां ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण पुष्कळ कमी आढळलें, आणि ७,५०० च्या सुमारास हा लाभ वाढावयाचा थांबला. म्हणजे अंगणांतील त्या तीनशें येरझारा शरीरासाठीं नव्हत्या. त्या आंकड्याच्या समाधानासाठीं होत्या.

मोजणेंच वाईट, असा याचा अर्थ कोणी करूं नये. आपली जपमाळ हें मोजण्याचेंच साधन आहे. परंतु तिची रचना पाहा. एकशेंआठ मणी सरले कीं मेरुमणि येतो, तो ओलांडावयाचा नसतो. माळ उलटते आणि मोजणी पुन्हां पहिल्यापासून चालते. मागील फेरीचें माळेला स्मरण नसतें. दर फेरीस ती आपोआप रीसेट होते, आणि कोणाही जपकऱ्यानें त्याबद्दल हळहळ केल्याचें ऐकिवांत नाहीं. (मोजदादीचा मोह मात्र भक्तालाही सुटत नाहीं. शेगांवची पालखी वाशीम जिल्ह्यांतून पंढरपुराकडे जाते तेव्हां कोणी पावलें मोजीत नाहीं, पण ‘ही माझी कितवी वारी’ हें विचारल्यावांचून सांगणारे भेटतातच.)

येथवर जें लिहिलें तें हौसेनें बँड बांधणाऱ्यांविषयीं. त्यांना तो उतरवितां येतो, पुसतां येतो, कंटाळा आल्यास फडताळांत टाकतां येतो. पण याच विदर्भांत, नागपूर महानगरपालिकेनें २०१८ च्या सुमारास आपल्या हजारों सफाई कामगारांच्या मनगटांवर उपग्रहाच्या साह्यानें ठावठिकाणा कळविणारीं घड्याळें बांधविलीं. चंदीगडलाही २०२० मध्यें असाच प्रकार झाला. हजेरी आणि म्हणून पगारही या यंत्राच्या साक्षीवर जाऊन बसला. घड्याळ बंद पडलें, त्याची बॅटरी उतरली किंवा त्यानें ठिकाण चुकीचें दाखविलें, तर केलेल्या कामाचे पैसे कापले जातात, अशा कामगारांच्या तक्रारी तेव्हां वर्तमानपत्रांत आल्या.

आरंभींचा प्रश्न या ठिकाणीं तत्त्वचर्चेचा राहत नाहीं. न नोंदलेल्या कृत्याचें मोल कमी होतें काय? त्या कामगाराच्या बाबतींत होतें. रुपयांत मोजून होतें. मंगरूळच्या दुकानदाराचें ‘चालले ते चालले’ हें उत्तर त्याच्या उपयोगाचें नाहीं, कारण त्याची वही दुसऱ्याच्या पेटींत आहे. ती त्याला उघडतां येत नाहीं, पुसतां येत नाहीं, चुकलेला आंकडा दाखवून ‘हा खोटा आहे’ असें म्हणण्याचीही सोय नाहीं. काकाजींचा साक्षीदार निदान त्यांच्या बाजूचा तरी होता. येथें साक्षीदार, फिर्यादी आणि न्यायाधीश हे तिघेही एकाच डबींत बसविलेले, आणि ती डबी आरोपीच्याच मनगटास बांधलेली! शिवाय हें मनगट कोणाचें असावयाचें हेंही आपल्या समाजांत बहुधा जन्मानेंच ठरलेलें असतें. सफाईचें काम पिढ्यान्‌पिढ्या दलितांच्याच माथीं मारलें गेलें. 

रस्ता झाडला गेला आहे कीं नाहीं, हें रस्त्यावर जाऊन पाहतां येतें. त्यास उपग्रह लागत नाहीं; मात्र पाहणाऱ्यास पहाटे उठावें लागतें.